हॅरॉल्ड ब्लॅक : गेनला लगाम घालणारा अभियंता



कार्यक्रम गागोदे बुद्रुकमधला असो की मुंबईतला, स्पीकरसमोर माइक नेला की कर्कश शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा परत जातो. हे मुलांनी अनुभवलेलं असतं. पण परत येणारा सिग्नल उलटा करून वापरला तर? हा विचार केला हॅरॉल्ड ब्लॅक यांनी.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतल्या लेमिन्स्टर इथे झाला. १९२१ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये लागले आणि पुढे बेल लॅब्जमध्ये काम करू लागले. तेव्हा लांबच्या टेलिफोन लाइनवर ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवावे लागत. प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाज वाढवायचा, पण थोडा बिघडवायचाही. असे अनेक ॲम्प्लिफायर एकामागे एक लावले की बोलणं समजेनासं व्हायचं.

ब्लॅक यांनी यावर काही वर्षं डोकं लढवलं. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामाला जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत, त्यांना उत्तर सुचलं. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी आकृती आणि समीकरणं लिहून काढली. ॲम्प्लिफायरचा गेन गरजेपेक्षा खूप जास्त ठेवायचा आणि बाहेर आलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत पाठवायचा. गेन कमी होतो, पण बिघाडही तितकाच कमी होतो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

मुद्दाम गेन घालवायचा, ही गोष्ट लोकांच्या सहज पचनी पडली नाही. १९२८ मध्ये अर्ज केलेलं पेटंट मिळायला डिसेंबर १९३७ उजाडलं.

आजचा ऑप-ॲम्प याच कल्पनेवर चालतो. ७४१ या आयसीचा स्वतःचा गेन साधारण दोन लाख असतो, पण तो आयसीगणिक बदलतो. म्हणून आउटपुटपासून उलट्या इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडतात आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला १ किलोओहमचा. सिग्नल सरळ इनपुटला दिला की,

गेन = १ + (१० ÷ १) = ११

आयसीचा स्वतःचा गेन दोन लाखांवरून एक लाखावर आला, तरी या ११ मध्ये दहा हजारांत एक भागाचाही फरक पडत नाही. गेन आता आयसी ठरवत नाही, दोन रेझिस्टर ठरवतात.

ब्लॅक यांचं निधन डिसेंबर १९८३ मध्ये झालं.

वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी ही गोष्ट जरूर सांगा. मग १० च्या जागी २२ किलोओहम लावला तर गेन किती, ते मुलांनाच काढू द्या. उत्तर २३ आलं, की समजा धडा पोचला!