शाळा सोडलेले गोनीदा

शाळेच्या स्मरणिकेत मी शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसावर लिहितो आहे. सरांनी रागावू नये! गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, १९१६ साली परतवाड्याला जन्मले. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी घर सोडले. पुढे गाडगेमहाराजांचा सहवास, पायी नर्मदा परिक्रमा आणि अखेर तळेगाव दाभाडे. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण शहाडला कसारा लोकल पकडून माहुली, अलंग-मदन-कुलंग पायाखाली घातलेल्या आपल्या मंडळींना ते जवळचे वाटतात गडांमुळे. राजगड त्यांचा फार लाडका. तिथे ते दिवसच्या दिवस राहत, तरुणांना सोबत नेत. संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरून डोंगरधारेवरून तोरण्याची बुधला माची गाठणे म्हणजे पायांची परीक्षाच. ती वाट घड्याळ लावून चालणारे पुष्कळ. गोनीदांचे लक्ष मात्र गडाच्या आधाराने जगणाऱ्यांकडे. तुंगचा धोंडी, मुंबई सोडून राजमाचीला परतलेला बुधा हे त्यांच्या कादंबऱ्यांचे नायक.

१ जून १९९८ रोजी ते गेले. शाळेच्या वाचनालयात ‘दुर्गभ्रमणगाथा’ नसेल, तर आपल्या बॅचतर्फे दोन प्रती द्याव्यात, एक हरवणारच.