चार फुटांचा राजा

माझी मुलगी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी ती आम्हाला नाचाच्या एका सभागृहात घेऊन गेली. नाचाचा माझा अनुभव वरातीपलीकडे गेलेला नाही. सगळ्यांचे कोट सांभाळत मी कडेच्या बाकावर बसलो. समोर विशीतली पोरं आणि साठीतल्या बायका जोडीदार बदलत, घामाघूम होऊन नाचत होत्या. त्या नाचाचं नाव लिंडी हॉप. संगीत मात्र ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं. त्यातला ड्रम असा काही वाजत होता, की मांडीवर चार कोट असूनही माझा पाय हलायला लागला. वाजवणारा कोण, असं मी मुलीला विचारलं. चिक वेब, चार फूट उंचीचा आणि पाठीला कुबड असलेला माणूस, एवढं सांगून ती पुन्हा नाचायला गेली. मी मात्र त्या कुबड या शब्दापाशी थबकलो. का, ते शेवटी सांगतो. आधी त्या माणसाची गोष्ट.

विल्यम हेन्री वेबचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाल्टिमोर शहरात, गरीब घरात झाला. लहानपणी त्याला मणक्याचा क्षय झाला. पाठ वाकली ती कायमची, आणि उंची जेमतेम चार फुटांवर थांबली. आखडलेल्या सांध्यांना व्यायाम मिळावा म्हणून डॉक्टरांनी ड्रम वाजवायला सुचवलं, असं सांगतात. पोराने वर्तमानपत्रं विकून पैसे साठवले आणि ड्रम घेतला. औषध म्हणून धरलेली काठी त्याने पुढे हातातून सोडलीच नाही. ऐन तारुण्यात तो न्यूयॉर्कला आला आणि 1926 साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात हार्लेममधल्या लेनॉक्स अव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाली होती. 140व्या रस्त्यापासून 141व्या रस्त्यापर्यंत पसरलेलं ते नृत्यगृह. वादकांसाठी दोन मंच, म्हणजे एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू. दोनच रस्ते पलीकडे कॉटन क्लब होता. तिथे वाजवणारे, नाचणारे काळे आणि टेबलांवर बसणारे गोरे. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच लाकडी फरशीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही केवढी मोठी गोष्ट होती! तिथे माणसाला एकच प्रश्न विचारला जाई, नाचता येतं का?

1930च्या दशकात चिक वेब या जागेचा राजा झाला. त्याला नोटेशन वाचता येत नसे. तालमीत ऐकून तो सबंध रचना डोक्यात साठवायचा. त्याच्या बेताच्या उंचीसाठी ड्रमचा संच आणि पायाने दाबायचे पेडल खास बनवून घेतलेले होते. उंच चौथऱ्यावर तो त्या भल्यामोठ्या ड्रमच्या मागे बसला, की लांबून नीटसा दिसायचाही नाही. ऐकू मात्र साऱ्या हॉलभर यायचा.

स्विंग म्हणजे झुलता ठेका. मात्रेचे दोन सारखे भाग न करता दुसरा भाग किंचित रेंगाळवायचा. त्या रेंगाळण्यातच सगळी गंमत. आपला केरवा आठ मात्रांचा, आणि लिंडी हॉपचं मूळ पाऊलही आठ ठोक्यांचंच. नाचणारे वादकांकडून ठेका घेत आणि नवं पाऊल सुचलं की वादक त्यांना काठीने दाद देत. 1935 साली सॅव्हॉयमधल्या एका स्पर्धेत फ्रँकी मॅनिंग या तरुणाने जोडीदारणीला पाठीवरून उलटं फिरवून पुन्हा पायांवर उतरवलं. लिंडी हॉपमधली हवेतली करामत तिथे जन्मली. तेव्हा वाजत होता तो चिक वेबचाच ठेका. (हाच झुलता ठेका पुढे मुंबईत गोव्याच्या वादकांच्या बोटांत आला आणि सी. रामचंद्रांच्या 1951च्या ‘अलबेला’तून आपल्या घराघरांत शिरला, हे जाता जाता.)

याच काळात वेबपुढे सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. आई वारलेली, सुधारगृहातून पळालेली, रस्त्यावर दिवस काढलेली. नोव्हेंबर 1934 मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली, ऐन वेळी धीर सुटला म्हणून गायली आणि पहिली आली. तिचं नाव एला फिट्झगेराल्ड. मळके कपडे, अवघडलेली चाल. ती गाते कशी हे ऐकण्याआधीच, ही मंचावर कशी दिसेल, या विचाराने वेबने नाक मुरडलं. ज्याला जन्मभर लोकांनी दिसण्यावरून जोखलं, त्याने! पण त्याचं मोठेपण असं, की सोबत्यांच्या आग्रहाखातर तो तिचं गाणं ऐकायला तयार झाला, येल विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्याने तिला संधी दिली, आणि मग आपला सारा वाद्यवृंद तिच्या आवाजाभोवती नव्याने बांधला. 1938 साली एका बालगीतावरून केलेलं त्यांचं गाणं देशभर पहिल्या क्रमांकावर गेलं.

11 मे 1937 रोजी बेनी गुडमन सॅव्हॉयमध्ये आला. त्याला सारी अमेरिका स्विंगचा राजा म्हणायची. दोन मंचांवर दोन वाद्यवृंद, आत सुमारे चार हजार माणसं आणि बाहेर अडवून धरलेली तोबा गर्दी. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रुपा हा गोरा, देखणा, सिनेमात शोभेलसा. त्या रात्री वेब जिंकला, आणि क्रुपाने भर सभेत त्याच्यापुढे मान लवून ते मान्य केलं.

शरीर मात्र हरत चाललं होतं. वेदना सोसत तो गावोगाव दौरे करायचा, कारण तो थांबला तर वादकांचे पगार थांबणार. 16 जून 1939 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो गेला. अखेरच्या क्षणी त्याने उठवून बसवायला सांगितलं, आणि आता निघावं लागतंय म्हणून सगळ्यांची माफी मागितली, असं म्हणतात. वाद्यवृंद पुढे 1942पर्यंत एलाने सांभाळला.

सॅव्हॉय 1958 साली बंद पडलं आणि पुढे पाडलं गेलं. फ्रँकी मॅनिंग पोस्टात नोकरी करू लागला. पण 1980च्या दशकात जुन्या चित्रफिती पाहून वेडे झालेले काही स्वीडिश आणि अमेरिकन तरुण त्याला शोधत गेले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पुन्हा जगभर शिकवत फिरला, थेट 2009 साली जाईपर्यंत. म्हणून तर माझी मुलगी स्टॉकहोमला नाचते आहे.

आता माझी गोष्ट. 1980च्या दशकाच्या अखेरीस मी एका शाखेत नुकताच अधिकारी झालो होतो. बदली होऊन एक तरुण क्लार्क आला. पाठीला कुबड, अक्षर मोत्यासारखं, बेरजेत चूक नाही. त्याला काउंटर हवं होतं. मी त्याला आतल्या खोलीत व्हाउचरं लावायला बसवलं. ग्राहकांना कसं दिसेल, हे कारण मी मनातही नीट उच्चारलं नाही; काउंटरचा कठडा उंच आहे, त्यालाच त्रास होईल, असं त्याला समजावलं. चार-सहा इंचांची एक फळी मागवली असती तर काम झालं असतं. तीन वर्षं तो आतच बसला, आणि एकदाही तक्रार न करता बदलून गेला.

वेबने निदान त्या मुलीचं गाणं ऐकून घेतलं. मी तेवढंही केलं नाही. त्या रात्री सभागृहात पुन्हा तोच ड्रम सुरू झाला तेव्हा माझा पाय हलला नाही. मला ती न मागवलेली फळी आठवत होती.