फ्रॉइड यांचे रुग्णपण

कर्करोगाच्या रुग्णाला रोगाचे नाव सांगावे की नाही, याचा खल आपल्याकडे अजूनही बहुधा खोलीबाहेर, नातलग आणि डॉक्टर यांच्यात होतो. ज्याचा रोग त्याला त्यात मत नसते. मानवी मनाचा तळ शोधू पाहणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांच्याही वाट्याला हेच आले.

१९२३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, फ्रॉइड यांच्या तोंडातील गाठ व्हिएन्नातील एका इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात काढण्यात आली. काम किरकोळ समजले गेले होते. परंतु रक्तस्राव इतका झाला की त्यांना रात्री ठेवून घेणे भाग पडले. एका लहानशा खोलीत दुसऱ्या रुग्णाशेजारी त्यांची सोय झाली. दुपारच्या जेवणाच्या वेळी पत्नी आणि कन्या ॲना यांना नियमानुसार बाहेर जावे लागले. तेवढ्यात पुन्हा रक्त वाहू लागले. हाक मारण्याचे त्राण नाही आणि घंटा नादुरुस्त. खोलीतला तो दुसरा रुग्ण, शरीराने खुजा आणि लोकांच्या लेखी मतिमंद, धावत जाऊन मदत घेऊन आला म्हणून फ्रॉइड वाचले. परत आल्यावर ॲनाने तेथून हलण्यास साफ नकार दिला आणि रात्र वडिलांच्या उशाशी काढली. कर्करोगाच्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञांचा पूर्णवेळ विभाग ही फार पुढची गोष्ट. जिमी हॉलंड यांनी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये तो सुरू केला १९७७ साली.

गाठ कर्करोगाची आहे हे फेलिक्स डॉइच या डॉक्टर-स्नेह्याने ओळखले होते. तथापि, सन्मानाने मरण्यासाठी साह्य लागेल, असे फ्रॉइड यांनी सूचित केल्यामुळे डॉइच यांना आत्महत्येची धास्ती वाटली आणि त्यांनी सत्य दडवले. जूनमध्ये फ्रॉइड यांचा चार वर्षांचा लाडका नातू क्षयाने गेला. मग तर बोलणे अधिकच अवघड झाले. निकटच्या शिष्यांनीही आपसात विचारविनिमय करून मौन पत्करले. यात प्रेम होते, हे कोण नाकारील? पण ही मसलत कित्येक वर्षांनी कानी आली तेव्हा फ्रॉइड संतापले. आपल्याला फसवण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिख्लर यांनी उजव्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढून टाकला. तेथे बसवलेला कृत्रिम टाळू जन्मभर काचत राहिला. बोलणे अडखळू लागले, उजव्या कानाने ऐकू येईना, चारचौघांत जेवणे नकोसे झाले. अशा तीसहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनी सोसल्या.

१९२९ च्या सुमारास माक्स शूर हे तरुण डॉक्टर लाभले. त्यांच्याशी फ्रॉइड यांनी आरंभीच बोली केली: नेहमी खरे सांगायचे आणि वेळ येईल तेव्हा विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. शूर यांनी ती मान्य केली. सिगार सोडण्याचा त्यांचा सल्ला मात्र या रुग्णाने कधी मनावर घेतला नाही! बुद्धी मंदावेल म्हणून तीव्र वेदनाशामकेही त्यांनी बहुतेक काळ दूर ठेवली. शुश्रूषा ॲनाकडे होती आणि हळहळ दाखवायची नाही, असा बापलेकींचा करार होता. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून लंडनला आल्यावरही अखेरच्या काही आठवड्यांपर्यंत ते रुग्ण तपासत राहिले.

सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांनी शूर यांना जुन्या बोलीची आठवण दिली आणि ॲनाच्या कानी हे घालण्यास सांगितले. मॉर्फिन देण्यात आले. २३ तारखेला फ्रॉइड गेले.