मुलांचा कवी : सुकुमार राय

२७ मार्च १९०२ रोजी कोलकात्याच्या एस्प्लनेड येथून विजेवर चालणारी शहरातील पहिली ट्राम खिदिरपूरकडे निघाली. तोपर्यंत ट्राम ओढण्याचे काम घोडे करीत असत. एस्प्लनेड हा शहराचा अगदी मध्यभाग. एका अंगाला मैदानाची हिरवळ, दुसऱ्या अंगाला चौरंगी रस्त्यावरील इंग्रजी दुकाने आणि थोड्याच अंतरावर डलहौसी चौकातील मोठमोठ्या कचेऱ्या. उत्तर कोलकात्यातील बंगाली कारकून रोज सकाळी लगबगीने या भागात येत आणि सायंकाळी थकूनभागून घरी परतत. पुढे अशाच एका कचेरीतले मोठे बाबू एका बालकवितेत येऊन बसले. स्वभावाने शांत असलेले हे गृहस्थ दुपारच्या डुलकीतून दचकून उठतात आणि आपली मिशी चोरीला गेली म्हणून आरडाओरड करतात. आरशात मिशी दाखवली तरी त्यांची समजूत पटत नाही. इतकी गलिच्छ मिशी आपली असणेच शक्य नाही, असे म्हणून ते सर्वांवर आग पाखडतात. बंगालमधील पिढ्यान् पिढ्या ज्या कवितेने हसल्या, तिचा कर्ता सुकुमार राय हा पहिली विजेची ट्राम धावली तेव्हा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता.

सुकुमारचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कोलकात्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, संगीतज्ञ आणि मुद्रणतज्ज्ञ होते. आई विधुमुखी या समाजसुधारक द्वारकानाथ गंगोपाध्याय यांच्या कन्या. सहा भावंडांत सुकुमारचा क्रमांक दुसरा. घर ब्राह्मसमाजाच्या विचारांचे होते. पण सुधारकांच्या घरात वातावरण गंभीरच असते ही समजूत या घराला लागू पडत नव्हती. येथे गाणे होते, गोष्टी होत्या, चित्रांची पुस्तके होती आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी वडीलधारी माणसे होती.

कविता लिहिण्याचे पहिले धडे सुकुमारला येथेच मिळाले, आणि तेही खेळता खेळता. वडिलांच्या पुस्तकातील प्राण्यांची चित्रे दाखवून तो भावंडांना त्यांची माहिती सांगे. ती संपली की पुस्तकात नसलेल्या प्राण्यांची पाळी येई. कोणाची सडपातळ मान गाठ मारल्यासारखी गुंडाळलेली, तर कोणी अंधाऱ्या व्हरांड्यात खिळ्याला लटकलेला. त्यांची नावेही त्याने स्वतःच रचलेली असत. दुसरा एक खेळ तर मोठ्या माणसांनीही शिकावा असा होता. एखाद्यावर राग आला आणि त्याचे काही करता येत नसले, की सुकुमार त्या व्यक्तीविषयी एक अचाट गोष्ट रचू लागे आणि इतर मुले तीत भर घालीत. त्या माणसाची नाना प्रकारे फजिती होई. पण गोष्टीत द्वेष किंवा दुष्टपणा मुळीच नसे. हसता हसता राग कोठे गेला हे मुलांनाही कळत नसे. कचेरीतल्या बाबूंची थट्टा पुढे इतकी निर्मळ उतरली, तिचे मूळ या खेळात असावे.

याच घरात छपाईचेही वेड होते. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातील त्यांची चित्रे लाकडी ठशांमुळे फार वाईट छापली गेली. त्यांनी नुसती तक्रार केली नाही; परदेशातून सामग्री मागवून, ग्रंथ वाचून, स्वतः प्रयोग करून त्यांनी हाफटोन ठसे तयार करण्याचे तंत्र आत्मसात केले आणि १८९५ साली स्वतःचा व्यवसाय उभारला. मुलांसाठीच्या कामात हयगय चालत नाही, हे सुकुमारने लहानपणीच डोळ्यांनी पाहिले होते.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०६ साली पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या दोन विषयांत सुकुमार सन्मानपूर्वक पदवीधर झाले. त्याच सुमारास त्यांनी मित्रांची आणि भावंडांची एक मंडळी जमवली व तिचे नाव ठेवले ‘नॉनसेन्स क्लब’. या मंडळाचे हस्तलिखित मासिक निघे, आणि सुकुमारांनी लिहिलेली विनोदी नाटके घरच्या घरी सादर होत. देखावे नाहीत, किमती पोशाख नाहीत. सारी भिस्त शब्दांवर. कोणत्या शब्दाला श्रोते हसतात आणि कोठे गप्प राहतात, हे समोरच दिसत असे. पुस्तकातून न मिळणारे शिक्षण ते हेच.

१९११ साली कोलकाता विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे छायाचित्रण आणि मुद्रण यांचा अभ्यास करून १९१३ साली परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले होते. बंगालीत ‘संदेश’ म्हणजे वार्ता आणि ‘संदेश’ म्हणजे मिठाईही. नावातच गंमत होती. डिसेंबर १९१५ मध्ये वडील निवर्तले आणि संपादनाचा भार अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर आला.

येथून पुढे मुलांसाठी लिहिणे हे त्यांचे दर महिन्याचे काम झाले. कविता, गोष्टी, विज्ञानाची माहिती, कोडी, चित्रे हे सर्व ते स्वतः करीत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही त्यांचे विचित्र प्राणी पाहिले की असे प्राणी कोठेतरी असलेच पाहिजेत असे वाटते. ‘खिचुडी’ या कवितेत त्यांनी ‘हांस’ म्हणजे बदक आणि ‘सजारू’ म्हणजे साळिंदर यांना जोडून ‘हांसजारू’ केला. ‘हाती’ म्हणजे हत्ती आणि ‘तिमि’ म्हणजे देवमासा यांचा ‘हातिमि’ झाला. ही जोडणी वाटेल तशी नाही. पहिल्या शब्दाच्या शेवटचा आणि दुसऱ्याच्या आरंभीचा ध्वनी जेथे जुळतो, नेमका तेथेच सांधा बसवला आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी दोन द्रव्ये मोजून मिसळतो, तसेच हे आहे. छंद व यमक यांतही ते सूट घेत नाहीत. अर्थ उधळलेला, पण ताल पक्का. म्हणूनच या कविता मुलांना एकदोनदा ऐकूनच पाठ होतात. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही चव अनोळखी वाटणार नाही.

१९२१ साली सुकुमारांना काळा आजार या दुखण्याने ग्रासले. त्याच वर्षी २ मे रोजी त्यांना मुलगा झाला होता. याच शहरात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली या रोगावर युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केले होते. परंतु ते सर्रास वापरात येण्यास अजून अवकाश होता. ताप येत राहिला, शरीर खंगत गेले. आपण यातून उठणार नाही, हे सुकुमारांना उमगले होते. तरी लेखणी थांबली नाही. १९२२ साली ‘संदेश’मध्ये आलेल्या ‘ह-ज-ब-र-ल’ या गोष्टीत रुमालाचे मांजर होते आणि कोलकात्याहून डायमंड हार्बर व राणाघाटमार्गे तिबेटला सव्वा तासात पोहोचता येते असे ते मांजर ठासून सांगते. अंथरुणावर खिळलेल्या माणसाने हे लिहिले आहे, यावर विश्वास बसत नाही.

अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या कवितांचे पुस्तक सिद्ध केले. त्याचे नाव ‘आबोल ताबोल’, म्हणजे असंबद्ध बडबड. चित्रे, मांडणी, मुखपृष्ठ सर्व त्यांनीच केले. रवींद्रनाथ ठाकूर त्यांना भेटावयास आले आणि त्यांच्या इच्छेवरून उशाशी बसून गायले. १० सप्टेंबर १९२३ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सुकुमारांचे निधन झाले. पुस्तक १९ सप्टेंबरला प्रकाशित झाले.

पुढे काही वर्षांत छापखाना हातचा गेला, ‘संदेश’ बंद पडला. १९६१ साली ते मासिक पुन्हा सुरू करणाऱ्यांत त्यांचा तो मुलगा होता. तोपर्यंत चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे नाव जगाला ठाऊक झाले होते. वडील गेले तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे होते. त्यांच्या आठवणीत वडिलांचे एकच चित्र उरले होते. हवापालटासाठी घेतलेले गंगाकाठचे घर, खिडकीशी चित्र रंगवत बसलेले वडील, आणि नदीतून आगबोट जात आहे हे त्यांनी एकदम मुलाला सांगितले तो क्षण.