घरघरीचा हिशेब

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात लोकांचे लक्ष असते गायकाकडे, फार तर ढोलकीवाल्याकडे. मागे एका कडेला चार जाड तारांची लांब गिटार गळ्यात अडकवून एक गृहस्थ उभे असतात. त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नाही. पण ते थांबले तर गाणे एकदम पोकळ वाटू लागते. ते वाद्य म्हणजे बास गिटार. गाणे सुरू होण्याआधी स्पीकरमधून जी घूंऽऽ अशी घरघर ऐकू येते, तीही पुष्कळदा या वाद्याची नाहीतर त्याच्या भावंडांची देणगी असते. हे वाद्य ज्याने जगभर पोहोचवले आणि ती घरघर गप्प करण्याच्या खटपटीत आयुष्याची कितीतरी वर्षे घातली, त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. सुरात लावताही येत नसे. त्याचे नाव लिओ फेंडर.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. आईवडिलांची अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांजवळ संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ होऊन लिओचा एक डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा आला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या एका नातेवाइकाने त्याला सुटे भाग आणि बॅटरी भरलेले एक खोके पाठवले. पुढे त्या नातेवाइकाच्या दुकानात त्याने मोठ्या कर्ण्याचा घरगुती रेडिओ ऐकला आणि पोरगा त्या आवाजाने जो झपाटला, तो कायमचाच.

पण पोटासाठी शिकला तो हिशेबनिशी. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात हे गृहस्थ कधी बसलेच नाहीत. बर्फाच्या कंपनीत, मग सरकारी रस्तेखात्यात आणि नंतर टायरच्या कंपनीत त्यांनी खतावण्या लिहिल्या. मंदीच्या दिवसांत नोकऱ्या गेल्या. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. माझी उमेद बँकेत गेली. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा धंदा त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हातांवरून कळतो, असे माझे मत आहे. फेंडर यांचे हात सतत काहीतरी उघडत आणि जोडत असत.

दुकानात रेडिओ येत, तसे वाजवणारेही आपली बिघडलेली वाद्ये आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येत. फेंडर कान देऊन तक्रारी ऐकत. मोडते कुठे, सुटते काय, आवाज कशाने बिघडतो, हे त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवले. म्हणून त्यांची गिटार दुरुस्तीवाल्याच्या डोळ्याने घडली. तिची मान सरसाने न चिकटवता स्क्रूने बसवलेली. बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. जुन्या कारागिरांनी नाके मुरडली असतील, पण गावोगाव फिरणाऱ्या वादकाला याचे मोल कळले.

१९५१ साली त्यांनी बास गिटार बाजारात आणली. तोवर खालचे सूर वाजवायचे ते डबल बासवर. माणसाहून उंच असे ते धूड गाडीच्या टपावर बांधून न्यायचे, आणि एवढे करून बँडच्या गोंगाटात ते ऐकूच जायचे नाही. फेंडर यांच्या वाद्याला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे बोट नेमक्या सुरावर पडे. म्हणून नाव ठेवले प्रिसिजन. वाद्य खांद्याला लटकवता येई आणि आवाज विजेने हवा तेवढा वाढवता येई.

आवाजाबरोबर घरघरही वाढू लागली. गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते, आणि तीच अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. पण हे वेटोळे फार भाबडे. वादकाच्या तारेची थरथर कोणती आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची कोणती, हे त्याला उमगत नाही. घरातली वीज अमेरिकेत सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या शेजारची ५५ वेळा. म्हणजे विजेची घरघर नेमकी बासच्या स्वरांच्या घरातच बिऱ्हाड करते. ती गाळून काढायला जावे तर तिच्याबरोबर सूरही जातो.

१९५७ साली फेंडर यांनी पिकअपचे दोन तुकडे केले. एक दोन जाड तारांखाली, दुसरा थोडा सरकवून दोन बारीक तारांखाली. दुसऱ्याची जोडणी उलटी, आणि त्याचे चुंबकही उलटे. बाहेरची घरघर दोन्ही तुकड्यांत सारखीच शिरते, पण एकात ती जमेला पडते आणि दुसऱ्यात नावे. बेरीज जवळजवळ शून्य. तारेचा सूर मात्र ती ज्या तुकड्यावर आहे त्या एकाच खात्यात नोंदला जातो. समोरून त्याला वजा करायला कोणी नसते, म्हणून तो शिल्लक राहतो. घरघर मारण्याची ही मूळ युक्ती एकट्या फेंडर यांची नव्हे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी १९५५ सालीच अर्ज केला होता. पण बासमध्ये ती इतक्या साधेपणाने बसवली फेंडर यांनी. पुढे डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत जेम्स जेमरसनची प्रिसिजन बास थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात जोडली जाई. तिथे घरघरीला लपायला जागाच नसते.

१९६० साली आलेल्या जॅझ बासमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आहेत, एकमेकांना उलटे. दोन्हींची बटणे सारखी उघडी असली की वाद्य शांत. एक कमी केले की घूंऽऽ परत. वाद्य बिघडले समजून कितीजण ते दुरुस्तीला नेत असतील! घरात मुलगा किंवा मुलगी बास वाजवत असेल तर एवढे ध्यानात ठेवावे. वाद्य हातात धरून जागच्या जागी गोल फिरल्यावर घरघर कमीजास्त झाली, तर ती चुंबकीय आहे. तिला उलटे वेटोळे हाच इलाज, आतून तांब्याचा पत्रा चिकटवून उपयोग नाही. तारांना हात लावताच कुरकुर थांबली, तर ती ट्यूबलाइटसारख्या गोष्टींची. तिथे पोकळीला तांब्याचे अस्तर लावून ते अर्थच्या तारेला जोडले की काम होते. फेंडर यांच्या त्या काळच्या बासमध्ये पिकअपखाली पितळी पत्रे असत. आणि हात लावल्यावर घरघर उलट वाढली, तर ब्रिजखालच्या तारेचा डाग सुटला आहे का ते बघावे. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र प्रयोग पुरे. प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे.

१९५० च्या दशकात फेंडर यांना सायनसचा जंतुसंसर्ग जडला, आणि तो काही केल्या हटेना. आपण आता फार दिवस जगत नाही, अशी त्यांची खात्री झाली. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे डॉक्टर बदलले आणि आजार बरा झाला! माणूस वाचला, पण फेंडर हे नाव गेले होते. स्वतः घडवलेल्या वाद्यावर स्वतःचेच आडनाव घालण्याची सोय उरली नाही. वारसदारांत नावावरून भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत. इथे तर नावाचा धनी हयात होता.

त्यांनी कज्जे केले नाहीत, काम केले. म्युझिक मॅन कंपनीचे प्रमुख झाल्यावर १९७६ साली स्टिंगरे बास आली. तिच्यात पुन्हा घरघर मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप होता, आणि आतल्या आत आवाज सावरणारी बॅटरीवरची जोडणीही. १९७९ साली पहिल्या पत्नी एस्थर वारल्या. त्याच सुमारास जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. ज्या रस्त्यावर तिचा कारखाना होता, त्याचे नाव फेंडर अ‍ॅव्हेन्यू. रस्त्यावर नाव होते, गिटारवर नव्हते.

कंपवाताने हात थरथरू लागले तरी ते रोज आपल्या खोलीत येत, पिकअप उघडत, वेढे बदलून पाहत. २१ मार्च १९९१ रोजी, ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते.