सार्वजनिक काका आणि आमचे वाण

गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाचे वाण आणण्याचे काम माझ्याकडे होते. ठोक बाजारातून मी प्लॅस्टिकचे छोटे डबे आणले. रंगीत, हलके आणि स्वस्त. समारंभ थाटात झाला. परंतु महिनाभरातच त्यांतले काही डबे चिरा पडून आमच्याच इमारतीच्या कचऱ्यात पडलेले दिसले. ते कोणी केले, करणाऱ्याच्या हाती काय पडले, यांतले मला काहीच ठाऊक नव्हते; विचारावे असे सुचलेही नव्हते. त्याच सुमारास गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुण्याचे सार्वजनिक काका, यांच्याविषयी वाचनात आले आणि मनाला चुटपुट लागून राहिली.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. तरुणपणी ते पुण्यास आले, कचेरीत नोकरी केली आणि पुढे परीक्षा देऊन वकील झाले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांची दाद लावण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सहा हजार लोकांनी निवडलेले पंचाण्णव सभासद तिच्यात होते. या सभेपायीच जोशी वकिलांचे सार्वजनिक काका झाले.

पण मला ओढ वाटते ती त्यांच्या दुसऱ्या कामाची. इथला कापूस विलायतेला जाई आणि गिरण्यांतून कापड होऊन परत आपल्याच बाजारात येई. इथला विणकर मात्र रिकामा बसे. लोकहितवादींनी याविषयी पूर्वीच लिहिले होते. न्यायमूर्ती रानडे १८७१ साली पुण्यास आले आणि त्यांनी व्यापारावर व्याख्याने दिली. ऐकणारे पुष्कळ होते. काकांनी मात्र १८७२ च्या जानेवारीत देशी कापडाचे व्रत घेतले, आणि तेही आपल्या हाताने सूत कातून. ज्यांनी एकदा तरी टकळी हातात धरली आहे त्यांना ठाऊक असेल की पहिल्या दिवशी सूत कमी आणि तुटलेले धागेच अधिक निघतात. दिवसभर अशिलांची कामे पाहणाऱ्या वकिलाने हे मरेपर्यंत चालवले.

एकट्याने खादी नेसून विणकराचे पोट भरत नाही, हेही त्यांना कळत होते. म्हणून देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून त्यांनी साबण, शाई, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वापरातील वस्तू इथेच तयार व्हाव्यात म्हणून धडपड केली. माल विकण्यासाठी पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत अशा ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकाने निघाली. या उद्योगात त्यांना स्वतःला पैशाची झळ बसली. मला वाटते, या गोष्टीला आपण फार कमी महत्त्व देतो. चांगली वस्तू घ्यावी हे सर्वांनाच पटते. तिच्यापायी पदरचे चार पैसे जास्त गेले की पटलेले विसरायला होते. माझेही डब्यांच्या बाबतीत तेच झाले.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. इकडे दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला, आणि तिकडे राजेरजवाडे हिरेमाणके लेवून बसलेले. त्या थाटात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते पांढऱ्या खादीत, घरी कातलेल्या सुताच्या. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला झाला तेव्हा सरकारी रोषाची पर्वा न करता काका त्यांच्या बचावास उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १८८० च्या जुलैत, ते वारले. वय अवघे बावन्न.

सरस्वतीबाईंचे नाव मात्र आपल्या मंडळाने तरी विसरू नये. काकांच्या या पत्नीने पुढाकार घेऊन १८७१ साली पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली, आणि सर्व जातिधर्मांच्या स्त्रियांना एकत्र बोलावून हळदीकुंकू केले. त्या काळी हे किती धाडसाचे होते, हे सांगायला नकोच. त्यांनी वाण काय दिले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

काकांचा प्रश्न वस्तू कोणत्या देशाची, हा होता. आपल्यापुढे आणखी एक आहे: वापरून झाल्यावर ती कोठे जाणार? देशी कारखान्यातला डबाही कचऱ्यात पडला की वर्षानुवर्षे तसाच राहतो, तेव्हा नुसती देशी खूण पाहून भागत नाही. त्यांचे सगळेच मला मान्य आहे असेही नाही. घरात नोकरी, मुले, म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या बाईने सूत कातत बसावे, असे मी कोणाला सांगणार नाही. पण घेताना दोन प्रश्न विचारायला वेळ कितीसा लागतो?

यंदाच्या सभेत मी हातमागाच्या कापडी पिशव्यांचा ठराव मांडला. डब्यांपेक्षा त्या जवळजवळ दुप्पट महाग पडतात, म्हणून बराच वाद झाला. दोघी भगिनी तर स्पष्ट नाराज होत्या, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. वर्गणी सर्वांना सारखी परवडत नाही. शेवटी असे ठरले की यंदा वाण निम्म्याच जणींना न देता सर्वांनाच द्यायचे, परंतु अल्पोपाहारातला एक पदार्थ कमी करायचा. पिशव्या विणणाऱ्या बाईंकडे मी स्वतः जाऊन आले. त्यांनी मागासमोर बसवून आधी चहा दिला, मग भाव सांगितला. भाव मी पाडून मागितला नाही.