फादर स्टीफन्स : सासष्टीतले इंग्रज धर्मगुरू



मराठीची थोरवी गाणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या आहेत. त्या लिहिणारा माणूस कोठून कोठे आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथलिक असणे धोक्याचे होते. ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशू संघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबतात चढले. २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले.

गोव्याच्या शहरात पोर्तुगीजांमध्ये राहून मिस्सा अर्पिता आली असती. त्यात वावगे काही नव्हते. पण त्यांच्या वाट्याला सासष्टी आली. तेथे १५६७ मध्ये सत्ताधाऱ्यांनी देवळे पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. बळाने दुखावलेल्या माणसांपुढे परक्याने प्रीतीचे शुभवर्तमान कोणत्या तोंडाने सांगावे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात याला उत्तर मिळत नाही. स्टीफन्स लोकांची बोली ऐकत राहिले. कोकणी शिकले, मराठी शिकले. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच भावाला पत्राने कळवले होते. विद्वानांचे त्याकडे लक्ष जायला पुढे दोनशे वर्षे लागली!

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. एका ब्राह्मणाने त्यांना विचारले, की ती बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या आरंभी घातला आहे. प्रश्न बोचरा होता, पण खरा होता. उत्तरादाखल त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. इंग्रज माणसाला हा शब्द सहज सुचलेला नाही. त्यामागे कित्येक वर्षांचे ऐकणे आहे. (आपल्या घरातल्या मुलांना प्रार्थनेचे मराठी शब्द अडतात, तेव्हा मला हा माणूस आठवतो.)

हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला, पण रोमन अक्षरांत. इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ मध्येच रोमकडे मागितली होती. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. पुराणाच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकले हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशा नकला जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांवरून १९०७ मध्ये तेथे ते पुन्हा छापले गेले. देवनागरीत त्याचे पुस्तक निघायला मात्र १९५६ साल उजाडले.